अर्थिंगला पाणी

विसरवाडीच्या स्टँडवर ज्यांनी कधी गाडीची वाट पाहिली असेल, त्यांना योहान गावीतचा चेहरा आठवणार नाही, पण आवाज नक्की आठवेल. जाळीच्या केबिनमध्ये बसून तो भोंग्यातून गाड्या पुकारायचा. सुरतहून येणारी, साक्रीमार्गे धुळ्याला जाणारी गाडी तो आधी मराठीत सांगे, मग गुजरातीत, आणि डोंगरातल्या बायका तरीही एकमेकींची तोंडं बघत राहिल्या तर त्यांच्या मावची बोलीतही. तीन भाषांत एकच गाडी. कोणी चुकीच्या गाडीत चढलं, तर तो त्या माणसाचा स्वतःचाच पराक्रम समजावा.

नोकरी गाड्यांच्या नोंदीची असली तरी योहानचा जीव गाड्यांत कधीच नव्हता. त्याचा जीव 'हे असं का?' या प्रश्नात होता. नोकरीला लागला त्याच आठवड्यात, भोंग्यात बारीक घुंई का येते हे बघायला त्याने भोंगा उघडला, आणि त्या दिवशी नंदुरबारची गाडी कोणाला न सांगता येऊन गेली. साहेबांनी झापलं. योहानने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि संध्याकाळी तोच भोंगा पुन्हा उघडला. घुंई मात्र गेली. पुढे बायको रिबेका माहेरच्या माणसांना सांगून ठेवायची, की घड्याळ, शिलाई मशीन, मिक्सर, काहीही बंद पडलं तरी यांच्यासमोर बोलू नका, आणि चालू असेल तर मुळीच बोलू नका.

रेडिओचं वेडही असंच रस्त्यात भेटलं. एकदा स्टँडसमोर चहाला थांबलेल्या जीपवर त्याला लांबलचक काठी दिसली. ही काठी कशाची, एवढंच त्याने विचारलं. जीपमधले लोक हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात ते निघाले, म्हणजे सरकारी परवाना काढून घरबसल्या स्वतःच्या रेडिओवरून लांबलांबच्या माणसांशी बोलणारे. चहा थंड झाला, दोन गाड्या पुकारायच्या राहिल्या, आणि योहानचं पुढचं आयुष्य ठरून गेलं. त्याने परीक्षा दिली. मोर्सची डिट-डा, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांची, भाषा शिकण्यासाठी घरात पळीने ताट वाजवलं, इतकं की शेजारच्यांना वाटलं गावितांकडे नवीन देव आला. शेवटी परवाना आला, आणि सुरतच्या एका म्हाताऱ्या हॅमकडून जुना पण दणकट रेडिओही आला. घरामागच्या मोहाच्या झाडापासून बांबूपर्यंत तार ताणली गेली. बांबूच्या बुडाशी एक लोखंडी सळई ठोकून रेडिओची अर्थिंग तिला जोडली.

सकाळची हजेरी ही योहानचीच कल्पना. व्यारा, शिरपूर, धुळे, म्हसावद, जिथे जिथे ओळखीचा हॅम होता तिथून सगळ्यांनी रोज सकाळी रेडिओवर एका ठरलेल्या जागी यायचं, हवापाण्याचं बोलायचं आणि आपल्या कामाला लागायचं. कॉलसाईन, म्हणजे परवान्यावरचं रेडिओचं नाव, सांगून झाली की योहान म्हणायचा, "विसरवाडी फलाटावर गाडी लागली आहे, बसून घ्या." वर्षानुवर्षं तोच विनोद, आणि वर्षानुवर्षं सगळे हसायचे. नवे लोक आले तर जुने त्यांना आधीच सांगून ठेवत, की आता हसायचं आहे.

मग निवृत्तीनंतर घसा बसला तो बसलाच. सुरतच्या दवाखान्यात गाठ निघाली. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. जीव वाचला. गळ्याशी श्वासाचं एक भोक राहिलं आणि ज्या आवाजाने हजारो माणसं योग्य गाडीत बसवली, तो आवाज गेला.

माणूस म्हणेल, मोर्स होतंच ना. तेही गेलं. मानेतल्या गाठी काढताना शीर दुखावून उजव्या खांद्याची ताकद गेली होती. मोर्सच्या किल्लीवर हात ठेवला की दोन शब्दांत खांदा भरून यायचा आणि डिटचं डा, डाचं डिट व्हायचं. डावा हात आयुष्यात कधी शिकला नव्हता. हजेरीच्या वेळी योहान रेडिओ लावून ऐकत बसायचा. एकदा राहवलं नाही म्हणून त्याने माईकवर चमच्याने टकटक केलं. म्हसावदच्या चुडामण पाटलाने ते ओळखलं, पण जड आवाजात त्याला सांगावंच लागलं, की कॉलसाईन दिल्याशिवाय लहरींवर काही सोडणं नियमात बसत नाही. नियम योहानला चुडामणपेक्षा जास्त पाठ होते. चमचा त्याने परत रिबेकाकडे नेऊन दिला.

घरातही चमचाच होता. पूर्वी तो फाटकातूनच "रिबेका" म्हणून हाक मारायचा आणि ती आतून "आले" म्हणायची. आता काही हवं असलं तर ताटावर चमचा वाजवायचा. रिबेका यायची, पण चेहरा उतरलेला असायचा. एक दिवस ती बोलूनच गेली, की ढोराला पेंड दाखवल्यासारखं हे वाजवू नकोस, मी येऊन बघत जाईन. त्यानंतर त्याने ते वाजवणंही सोडलं. पाटी-पेन्सिल तेवढी राहिली, पण पाटी हाक मारत नाही. समोरचा बघेल तेव्हाच ती बोलते.

अशा एका दिवशी त्याने पाटीवर लिहिलं, 'रेडिओ चुडामणला देऊन टाक. मुका पडून राहायला नको.' रिबेकाने पाटी वाचली. तिने फोन लावला. चुडामणला स्वतः येऊन तो रेडिओ उचलवेना. त्याने कळसाडीच्या ममताला पाठवलं.

ममता ही शहाद्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी, कळसाडीच्या ऊसवाल्या घरातली सून. चुडामणच्या हाताखाली तयार होऊन तिने नुकताच परवाना काढला होता. शिकताना चुडामणच्या रेडिओवर हजेरी ऐकून ती योहानला आवाजाने ओळखायची, समोरासमोर पहिल्यांदाच भेटत होती. योहानने रेडिओ पुसून टेबलावर ठेवला होता, सोबतच्या तारा गुंडाळून सुतळीने बांधल्या होत्या. पाठवणीची सगळी तयारी होती.

ममताने रेडिओ उचलायला हात मागे घातला आणि तिच्या बोटाला रबरी झाकण लागलं. तिने रेडिओ फिरवला. झाकणाखाली बारीक पिनांचं गोल भोक होतं.

"काका, हाई काय शे?" तिने विचारलं.

योहानने वाकून बघितलं. ते झाकण त्याने इतकी वर्षं धूळ पुसताना पुसलं होतं, पण उघडलं कधी नव्हतं. स्टँडच्या भोंग्यापासून शेजारणीच्या इस्त्रीपर्यंत सगळं उघडणारा माणूस स्वतःच्या रेडिओच्या पाठीवरचं भोक विचारायचं विसरला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्याने पाटी घेतली आणि कितीतरी महिन्यांनी तिच्यावर त्याचा आवडता शब्द लिहिला, 'का?' मग पुसून लिहिलं, 'कशासाठी?'

ममताने मोबाइलवर त्या रेडिओचं माहितीपुस्तक शोधून काढलं. ते भोक कॉम्प्युटर जोडायचं होतं. कॉम्प्युटरने एका पाठोपाठ एक अक्षरं पाठवली की रेडिओ हुकूम मानतो. त्यातला एक हुकूम वाचताना ममताचा आवाजच बदलला. कॉम्प्युटरवर टाइप केलेला मजकूर या भोकातून आत गेला, की रेडिओ स्वतः तो मोर्समध्ये वाजवतो. किल्ली नको, खांदा नको. एका बोटाने टाइप करता आलं की पुरे.

रिबेका दारात उभी होती. तिने विचारलं, म्हणजे रेडिओ जाणार नाही का? योहानने सुतळीची गाठ सोडायला घेतली होती. तेच उत्तर होतं. पण ममताने खरं तेही सांगितलं, की जोडणी चुकली तर भोकामागचं नाजूक काम जळेल, आणि एवढ्या जुन्या रेडिओचा तो भाग आता कुठे मिळत नाही. जळला तर रेडिओही मुका.

पुढच्या रविवारी ममता कॉलेजात मोडीत काढलेला एक डबा कॉम्प्युटर मागून घेऊन आली. त्याच्या मागे सिरीयलचं नऊ पिनांचं जुनं तोंड होतं. तिचं म्हणणं सोपं होतं. तीन तारांचं काम. एक पाठवायची, एक घ्यायची, एक दोघांत सामाईक. तिने दोन्हीकडचे प्लग आणले होते, तारांना डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, इस्त्री तापत ठेवली होती. अर्ध्या तासात योहानकाका हजेरीत, असा तिचा हिशेब होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं तिचं झालं होतं, आणि मला तिचा राग येत नाही. चांगल्या कामाची घाई चांगल्या माणसांनाच होते.

पहिली गोष्ट तिने सांगितली ती योहानला फार आवडली. पाठवायची तार समोरच्याच्या घ्यायच्या तारेला जोडायची. म्हणजे तोंड कानाला आणि कान तोंडाला. तोंडाला तोंड जोडलं की दोघं बोलत सुटतात आणि ऐकत कोणीच नाही. योहानने पाटीवर लिहिलं, 'ग्रामसभा.' ममता हसली.

पण डाग द्यायच्या आधी त्याने तिचा हात थांबवला आणि मीटर काढला. त्याला वाईट शंका वगैरे आली नव्हती. कॉम्प्युटर गप्प असताना त्याच्या तोंडावर काय असतं, एवढीच त्याला उत्सुकता होती. पिनेला मीटर लावला तर काट्याला उलटं जायची घाई. त्याने तारा अदलून पाहिल्या. शून्याच्या खाली अकरा व्होल्ट. गप्प बसलेला कॉम्प्युटर उणे अकरावर बसला होता. पुस्तकात मात्र लिहिलं होतं, की रेडिओच्या भोकात पाच व्होल्टच्या वर काही जाता कामा नये, आणि शून्याच्या खाली तर नाहीच.

ममताने इस्त्री खाली ठेवली. प्लग बसतो म्हणजे चालतो, हे ती धरून चालली होती. तिचा चेहरा पडला, कारण तार जोडली असती तर रेडिओ त्याच मिनिटाला गेला असता. योहानला मात्र आनंद झाला होता. त्याला एक नवीन 'का' मिळाला होता. दोघांनी मिळून वाचून काढलं. जुना कॉम्प्युटर 'हो' म्हणायला व्होल्ट उणे करतो आणि 'नाही' म्हणायला अधिक. रेडिओ पाच म्हणजे 'हो' मानतो आणि शून्य म्हणजे 'नाही'. दोघांचे शब्द तेच, बोली वेगळी, आवाजाची पट्टीही वेगळी. योहानने पाटीवर तीन गाड्या काढल्या आणि खाली लिहिलं, मराठी, गुजराती, मावची. मधे दुभाषा हवा. असा दुभाषा बोटाच्या पेराएवढ्या चिपमध्ये मिळतो. ममताने ती मागवली, आणि पुढच्या खेपेला मांडून मीटरने तपासलीही. इकडून उणे अकरा घातले की तिकडून शहाण्यासारखे पाच येत होते.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. प्लग रेडिओत घालायच्या आधी योहानने आणखी एक मोजमाप घेतलं. कॉम्प्युटरच्या पत्र्यावर मीटरची एक तार, रेडिओच्या पत्र्यावर दुसरी. सामाईक तार हे दोन पत्रेच एकमेकांना जोडणार होती, तेव्हा दोघांत काहीच फरक नको. मीटरने चाळीसच्या आसपास दाखवलं.

आता मात्र ममता गोंधळली. रेडिओ ट्रकच्या बॅटरीवर, त्याची अर्थिंग मागच्या बांबूच्या सळईला. कॉम्प्युटर घरच्या सॉकेटवर. तारच जोडलेली नाही, मग हे चाळीस आले कुठून? तिने कॉम्प्युटरची पिन बदलली, सॉकेट बदललं, चिप काढून ठेवली. चाळीस ते चाळीसच. ती चहा घेऊन, हात हलवत परत गेली. जाताना म्हणाली, की दुसरा कॉम्प्युटर बघते, याच्यातच खोट असेल.

योहान मागे राहिला. त्याला झोप गोड लागली, कारण प्रश्न शिल्लक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने मीटर लावला, तर जेमतेम दहा-बारा. कशाला हात लावला नव्हता. दुपारी पुन्हा चाळीस. तिसऱ्या दिवशी तसंच. सकाळी कमी, दुपारी चढलेलं. त्याने पंखा बंद करून पाहिला, व्होल्ट उतरले. फ्रिज सुरू झाला, व्होल्ट चढले. म्हणजे घरातली वीज जितकी जास्त, तितका फरक मोठा. इथपर्यंत पटत होतं. पण सकाळी फ्रिज चालू असतानाही कमी का?

रविवारी ममता आली तेव्हा त्याने तिला कॉम्प्युटर बघू दिलाच नाही. मीटर लावून शेजारी बसवलं आणि बोटाने खूण केली, बघत राहा. चाळीस. बेचाळीस. मागच्या अंगणात भांड्यांचा आवाज सुरू झाला, राख, काथ्या, पाण्याची बादली. मग मीटरवरचा आकडा खाली यायला लागला. तीस. वीस. बारा.

"भांडा घासताच उतरना," ममता म्हणाली, आणि तिला स्वतःलाच ते खुळ्यासारखं वाटलं.

योहान उठला. मागच्या दारातून त्याने बघितलं. मोरीच्या दगडापाशी रिबेका अनवाणी उभी होती. भांडी विसळलेलं पाणी ती नेहमीप्रमाणे भिंतीलगतच्या एका लोखंडी सळईच्या बुडाशी ओतत होती. सळईवरून एक तार भिंतीत शिरत होती. रोजचंच दृश्य. इतकं रोजचं, की त्यात बघण्यासारखं काही असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याने पाटीवर लिहून तिच्यासमोर धरलं, 'हे पाणी इथे का?'

रिबेकाने आधी पाटी बघितली, मग त्याला. "तूच सांगितलंस," ती म्हणाली. "अर्थिंगला रोज पाणी घाल, नाहीतर दिवे मंद होतात. मी कधी विचारलं नाही का म्हणून. विचारायचं काम तुझं."

योहान तिथेच ओट्यावर बसला. त्याला सगळं आठवलं. फार वर्षांपूर्वीच्या वादळात खांबावरून घराकडे येणाऱ्या दोन तारांपैकी एक तुटली होती. त्या दिवशी गावभर तारा पडलेल्या, वायरमन कुठे कुठे पुरणार. घर अंधारात होतं. योहानने विजेची परतीची वाट तुटलेल्या तारेऐवजी या सळईतून जमिनीत काढून दिली होती. दिवे लागले. दोन दिवसांपुरतं, असं तो स्वतःशी म्हणाला होता. आमच्याकडे अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. दिवा लागला की तो का लागला, हे कोणी विचारत नाही. उन्हाळ्यात माती सुकली की सळईतून वीज जमिनीत जायला कुरकुरते आणि दिवा पिवळा पडतो. मग सळईला पाणी घालायचं. तेही त्यानेच सांगून ठेवलं होतं, आणि सांगून विसरून गेला होता.

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. घराची सगळी वीज त्या सळईतून जमिनीत उतरत होती. कॉम्प्युटरचा पत्रा तिसऱ्या पिनेतून त्याच सळईला बांधलेला. रेडिओ मागच्या, वेगळ्या सळईवर शांत. सकाळच्या भांड्यांच्या पाण्याने माती ओली असली की दोन सळयांमध्ये दहा-बाराच, दुपारी ती सुकली की चाळीस व्होल्टचा उतार. ममताने मनातल्या मनात ती बारीक सामाईक तार जोडून पाहिली. घराची वीज सळई सोडून त्या केसाएवढ्या तारेतून रेडिओत धावली असती. दुभाषा चिप असो नसो, तिने काही वाचवलं नसतं.

योहान रेडिओचा विचार करतच नव्हता. तो रिबेकाच्या पायांकडे बघत होता. ओल्या मातीत, सळईपासून वीतभर अंतरावर, अनवाणी, रोज. एखाद्या दिवशी सळईची तार निसटली असती आणि तिने ती उचलून नीट लावायला हात घातला असता तर. त्याला भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. जगातल्या सगळ्या तारांना त्याने 'का' विचारलं, आणि आपल्या बायकोला जिथे उभं केलं ती जागा विचारायची राहून गेली. त्याने पाटीवर लिहिलं, 'उद्यापासून इथे यायचं नाही.' 

"मग भांडी कुठे घासू?" रिबेका म्हणाली. त्याचा चेहरा बघून तिने बादली खाली ठेवली आणि ती दगडापासून बाजूला झाली.

वायरमन धनसिंगला निरोप गेला. तो आला, खांबावर चढला आणि तुटलेली तार बघून वरूनच विचारता झाला, की ही केव्हा तुटली? योहानने खालून हाताने कितीतरी वर्षं मागे अशी खूण केली. धनसिंगने नवी तार ओढून जोडली आणि मोरीजवळच्या सळईवरून घराची परतीची तार सोडवली. सळईला आता फक्त अर्थिंगचंच काम राहिलं. उतरल्यावर तो रागावेल असं ममताला वाटलं होतं. तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, की आज संध्याकाळी घरी जाऊन आधी आपली सळई बघतो. दिवे मात्र पूर्वीपेक्षा झगझगीत लागले, आणि रिबेका म्हणाली, इतकी वर्षं मी उगाच चष्म्याला दोष देत होते.

मीटरने दोन पत्र्यांमध्ये आता जवळजवळ काहीच दाखवलं नाही. ममता प्लग घालायला निघाली. योहानने पुन्हा हात आडवा केला. त्याने तिच्याच मोबाइलवर वाचलं होतं, की दोन यंत्रांमध्ये तांब्याचा संबंधच न ठेवता बोलणं पोचवता येतं. चिपच्या आत इकडे एक बारीक दिवा असतो, तिकडे एक बारीक डोळा. दिवा मिचकतो, डोळा बघतो. मधे फक्त उजेड जातो, वीज जात नाही. उद्या पुन्हा खांबावरची तार तुटली, तरी या घराचं पाप त्या घरात जाणार नाही. अशा दोन चिपा मागवाव्या लागल्या, एक जायच्या वाटेवर आणि एक यायच्या वाटेवर, दोन्ही बाजूंना आपापली वीज. आणखी एक रविवार गेला. ममता आता घाई करत नव्हती. तीही बसून तो दिवा कसा मिचकत असेल याचा विचार करायला शिकली होती.

शेवटी ज्या सकाळी प्लग आत गेला, त्या सकाळी काहीच झालं नाही. ठिणगी नाही, वास नाही. नीट केलेल्या जोडणीचं तेच लक्षण. योहानने हजेरीची जागा लावली. चुडामण एकेकाचं नाव घेत होता. व्यारा आलं, शिरपूर आलं, धुळे आलं. मग रोजच्या सवयीने तो क्षणभर थांबला. विसरवाडीच्या जागी तो नेहमी थांबायचा, कोणी बोलणार नाही हे माहीत असूनही.

योहानने डाव्या हाताच्या एका बोटाने अक्षरं दाबायला सुरुवात केली. रेडिओ एकसारख्या, स्वच्छ ठेक्यात वाजू लागला. खांदा नाही, थरथर नाही. आधी कॉलसाईन. मग वाक्य.  मोर्स येणारे लिहून घेत होते, न येणारे वाट बघत होते. 

मग चुडामणचा आवाज आला. "विसरवाडी फलाटावर गाडी लागली आहे, बसून घ्या," त्याने वाचून दाखवलं, आणि पुढचं त्याला मराठीत सांगता येईना. "योहानभाऊ, तुम्हनी गाडी भलती लेट उनी. पन उनी."

सगळे हसले. जुने, नवे, सगळे. ममता पदराने डोळे पुसत होती आणि कॉम्प्युटरची धूळ डोळ्यात गेली असं सांगत होती. चुडामणने मग विचारलं, मी रेडिओ न्यायला कधी येऊ? योहानने टाइप केलं, चहाला ये.

हजेरी संपली. ममता शहाद्याची गाडी पकडायला गेली. रिबेका स्वयंपाकघरातून भाताचं पाणी घेऊन मागच्या दाराशी आली, सवयीने सळईकडे निघाली आणि थबकली. मग तिने ते पाणी पपईच्या झाडाला घातलं. परत येताना ती रेडिओच्या खोलीच्या दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत ती या खोलीत कधी काही विचारायला आली नव्हती. विचारायचं काम त्याचं होतं.

"यात माझं नाव कसं वाजतं?" तिने विचारलं.

योहानने तिच्याकडे बघितलं. मग रेडिओवरची एक कळ फिरवली, म्हणजे आवाज लहरींवर जाणार नाही, फक्त घरात वाजेल. एका बोटाने त्याने सावकाश तिच्या नावाची सहा इंग्रजी अक्षरं दाबली. डि-डा-डिट. डिट. डा-डि-डि-डिट. डिट. डा-डि-डा. डि-डा. रिबेका ऐकत राहिली. तिने पुन्हा वाजवायला सांगितलं, आणि मग आणखी एकदा, आणि ओठांनी ठेका धरून ती चुलीकडे गेली.

दुपारी जेवायच्या वेळेला खोलीतून तोच ठेका आला. रिबेकाच्या हाताला पीठ होतं. तिने मागे वळून न बघता, पूर्वी द्यायची तशीच आतून ओ दिली, "आले."